मोठ्या बुद्धापुढून उठवलं, त्या आईंना

सँट्री, डब्लिन

प्रिय आई,

आज ऑफिसला सुट्टी टाकलीय. सुगत मैत्रीला शाळेत सोडून तसाच कामाला गेला. घरात मी एकटीच आहे. तुम्हाला जाऊन सहा महिने होऊन गेले, पण एवढ्या दिवसांत मी तुमच्याशी एक शब्द बोलले नाही. मनातल्या मनातसुद्धा नाही. कुठल्या तोंडाने बोलणार होते?

पण गेल्या शनिवारी पार्कात नीलांती भेटली. तुमची नीलांती! नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्या माणसांची देखभाल करणारी, तुमची श्रीलंकेची मैत्रीण. तुम्ही इथून जायच्या आधीच ती नोकरी बदलून नास नावाच्या गावी राहायला गेली होती, त्यानंतर तिची आमची गाठच नव्हती. तिने मला लांबूनच ओळखलं आणि जवळजवळ धावत आली. पहिला प्रश्न काय? "अम्मा कशी आहे?"

आणि मी काय म्हणाले, माहितीये? "ग्रँड. शी इज ग्रँड."

इथे सगळे तसंच म्हणतात ना! हवा ग्रँड, चहा ग्रँड, दात काढून आलेला माणूसही ग्रँड. तोंडातून निघून गेलं. आणि एकदा निघाल्यावर मागे घेता येईना. नीलांतीचा चेहरा असा फुलला! तिने माझ्याच फोनमध्ये स्वतःचा नवा नंबर घातला. "अम्माला दे. म्हणावं, व्हिडिओ कॉल कर. तिला बघायचंय मला." मी मान हलवली.

मैत्री माझा हात धरून उभी होती. घरी येताना म्हणाली, "बट आजी इज डेड, मम्मा. व्हाय डिड यू से ग्रँड?"

सहा वर्षांच्या पोरीने मला पकडलं होतं. पुढचा आठवडा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. काल शेवटी गाडी काढली, नासला गेले आणि तिला खरं ते सांगून आले. तिथे जे ऐकलं, ते ऐकल्यापासून तुम्हाला काहीतरी विचारायचंय. म्हणून हे पत्र.

पण आधी देवळाचं बोलू या. आपण त्यावर कधी बोललोच नाही.

ती सगळी सुगतची हौस. २०२० चा फेब्रुवारी. "आईला एकदा श्रीलंकेचा मोठा बुद्ध दाखवायचाय," म्हणाला. तुमच्या लेकीने, वैशालीताईंनी, तुम्हाला नागपूरला विमानात बसवायचं, आम्ही डब्लिनहून यायचं, आठवडाभर तिथे राहायचं आणि मग तुम्हाला घेऊन इकडे यायचं, तीन महिन्यांसाठी. तुम्ही चौकशी केलीत ती फक्त एकच, "पौर्णिमा पडते का वं त्यात?" पडत होती. तुम्ही पांढरं लुगडं इस्त्री करून बॅगेत सगळ्यात वर ठेवलंत.

आणि मी? मी समुद्राकडे डोळे लावून बसले होते. कित्येक महिने नुसतं काम केलं होतं. मला वाळूवर आडवं व्हायचं होतं, आणि कुणीही मला हाक मारायला नको होती.

त्या दिवशी दक्षिणेच्या रस्त्याने व्हॅन चालली होती. दोन्हीकडे नारळी. आणि एकदम नारळींच्या शेंड्यांच्या वर एक चेहराच दिसला! तुम्ही ओरडलात, "थांबव रे बाप्पा, थांबव!" ड्रायव्हरला मराठीचा म सुद्धा येत नव्हता, पण त्याने थांबवली. तुम्ही काचेला हात लावून बघत राहिलात. "माय वं," एवढंच म्हणालात. "केवढा शांत बसून राहिला!"

देवळात पोचल्यावर कळलं, की त्या बसलेल्या मूर्तीच्या पाठीला टेकून चांगली उंच इमारत आहे आणि आतल्या जिन्याने थेट मस्तकापर्यंत जाता येतं. मी म्हटलं, तुमचे गुडघे. तुम्ही ऐकलंच नाहीत. जिन्याच्या भिंतीवर बुद्धाच्या जन्मापासूनची चित्रं होती. एकेक चित्रापाशी थांबायचं, मैत्रीला त्याची गोष्ट सांगायची, दम खायचा, मग पुढच्या पायऱ्या. मैत्री इंग्रजीत विचारायची, तुम्ही वऱ्हाडीत सांगायचात आणि दोघींचं काही अडत नव्हतं. मी मागून फोटो काढत होते. सगळ्या फोटोंत तुमची पाठ आहे, आई. एकदाही म्हटलं नाही, की जरा वळा.

खाली तो नरकाचा हॉल. आठवतो? पाप्यांचे रंगवलेले पुतळे, कुणाला करवतीने कापतायत, कुणाला कढईत उकळतायत. मला किळस आली. तुम्ही मात्र चष्मा पुसून पुसून बघत होतात. एका उकळणाऱ्या बाईसमोर थांबून मला म्हणालात, "हिनं काय केलं असन वं? सुनेले छळलं असन." मी म्हटलं, "छे, सासूला छळलं असेल." तुम्ही एवढ्या मोठ्याने हसलात, की पहारेकरी बघायला आला!

मग आपण अंगणात आलो. पौर्णिमेमुळे गावातल्या बायका पांढऱ्या कपड्यांत मूर्तीसमोर बसल्या होत्या, पुढ्यात कमळं. त्यांनी वंदना म्हणायला सुरुवात केली आणि तुम्ही माझं मनगट घट्ट धरलंत. "मुग्धा! हे तं आपलंच आहे वं!" पाली. तेच शब्द, जे तुम्ही नागपुरात लहानपणापासून म्हणत आलात. चाल जराशी निराळी, एवढंच.

तुम्ही जाऊन त्यांच्यात बसलात. कुणी विचारलं नाही, कोण, कुठली. शेजारच्या म्हातारीने आपल्या ओंजळीतली अर्धी फुलं तुमच्या ओंजळीत घातली. सकाळी हॉटेलात बिनसाखरेचा चहा मागताना तुमची तारांबळ उडाली होती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून आयुष्य गेलं तुमचं, तरी इंग्रजी म्हणाल तर 'होल्ड ऑन प्लीज' आणि 'लाइन इज बिझी.' आणि इथे? एकही अक्षर चुकत नव्हतं. तुम्ही कुणाच्या मागून म्हणत नव्हतात, सगळ्यांबरोबर म्हणत होतात.

तुमचा तसा चेहरा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. नंतरही नाही.

मी मागे उभी होते. तुमच्या चपला, तुमची पिशवी, मैत्रीची बाटली, सगळं माझ्या हातात. पायाखालचा दगड असा तापलेला, की मी या पायावरून त्या पायावर करत होते. घड्याळ बघितलं. हॉटेलचं जेवण, मग बीच, सगळं हुकणार होतं. मी वाकून तुमच्या कानात म्हटलं, "आई, चला. मैत्रीला ऊन लागतंय."

मैत्रीला ऊन लागत नव्हतं. ती सुगतबरोबर झाडाखाली आइस्क्रीम खात होती.

तुम्ही म्हणालात, "जराक थांब. सरलं की उठतो."

आणि मी म्हटलं, "उद्या परत येऊ ना!"

तुम्ही लगेच उठलात. त्या म्हातारीने वर बघितलं, हाताने खूण केली, बस ना. तुम्ही तिला हात जोडलेत आणि माझ्या मागून चालू लागलात. दुसऱ्या दिवशी आपण परत गेलो का? नाही गेलो. मी वाळूवर झोपले होते. संध्याकाळी सुगतने विचारलं, "आई, जायचं होतं का परत?" तर तुम्ही म्हणालात, "झालं ना दर्शन. आता काय!"

का नाही म्हणालात, की जायचं होतं? आमच्या लग्नाला माझ्या पुण्याच्या माहेरून एकही माणूस आलं नव्हतं, तेव्हा दोन्ही बाजूंच्या तुम्हीच उभ्या राहिलात. माझ्या बाजूने ओटी भरायलाही तुम्ही आणि सून म्हणून घरात घ्यायलाही तुम्हीच! एवढं सगळं करणाऱ्या बाईला 'मला अर्धा तास बसायचंय' म्हणता येऊ नये?

मग डब्लिन. तीन महिन्यांसाठी आलात आणि लॉकडाउनने तुम्हाला अकरा महिने इथे अडकवलं. दोन खोल्यांचं आपलं अपार्टमेंट. एका खोलीत सुगतच्या मीटिंगा, स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझा लॅपटॉप, आणि त्याच टेबलावर तुमची निवडायला घेतलेली कोथिंबीर. मैत्री म्हणायची, "इट्स इन द प्रेस, आजी," आणि तुम्ही बिचाऱ्या इस्त्री शोधायचात. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, हे तुम्हाला कळायला आठवडा लागला. आम्ही हसलो. तुम्हीही हसलात.

पण मी आतून कुढत होते, आई. डबे माझ्या जागी नसायचे. कॉल चालू असताना मागून मिक्सर. मला माझं स्वयंपाकघर परत हवं होतं. तुम्ही काही वाईट वागलात म्हणून नाही. तुम्ही होतात म्हणून, बस.

तुम्ही रोज संध्याकाळी पार्कात जाऊ लागलात, तेव्हा मला बरंच वाटलं. तिथे नीलांती भेटली. बाकावर बसून तुम्ही फोनमधला आपला देवळातला फोटो बघत होतात, आणि ती मागून येऊन किंचाळली, की हे माझ्या गावाजवळचं आहे! तिथून तुमची दोस्ती. दोन मीटरचं अंतर ठेवून, एका बाकाच्या या टोकाला तुम्ही, पुढच्या बाकावर ती. काय बोलायचात कोण जाणे!

जानेवारीत परतीच्या विमानाची सोय झाली. इथे नाताळानंतर साथ नुसती भडकली होती, नागपुरात आटोक्यात आली होती. सगळे म्हणाले, आईंनी आता गेलेलंच बरं. सुगत म्हणाला, वैशालीताई म्हणाल्या. आजही सगळे मला तेच सांगतात, तेव्हा तोच निर्णय बरोबर होता. असेलही. पण आई, मी 'हो' म्हणाले ते आकडे बघून नाही. माझ्या मनात पहिलं काय आलं असेल, तर 'सुटले!'

तुम्हाला विमानतळावर सोडून आम्ही आलो. मी कॉफी केली, रिकाम्या टेबलाशी बसले आणि गाणं गुणगुणले. डबे परत माझ्या जागी लावले. सुगत शेजारच्या खोलीत रडत होता, आणि मी डबे लावत होते.

एप्रिलमध्ये नागपुरात काय झालं ते तुम्हाला मी काय सांगू? वैशालीताई तुम्हाला घेऊन दारोदार फिरल्या. शेवटी एका ठिकाणी खाट मिळाली. तुमचा तो शेवटचा फोन, मास्कमधून येणारा आवाज. "तुटून राहिला आवाज. लाइन खराब आहे. मंग लावतो." ऑपरेटर होतात ना! मग फोन आला तो वैशालीताईंचा.

आम्ही इथून काय करणार होतो? सुगतने तुमचा फोटो मांडला, मेणबत्ती लावली आणि वंदना म्हणायला बसला. दुसऱ्या ओळीला तो थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं, मी पुढचं म्हणेन म्हणून. मला येत नव्हतं. लग्नाला दहा वर्षं झाली आई, तुमच्याबरोबर अकरा महिने एका घरात काढले, रोज सकाळी माझ्या कानावर पडत होतं, आणि मला तिसरी ओळ येत नव्हती.

तर काल नास. नीलांतीने हसतच दार उघडलं. "अम्माचा फोन नाही आला अजून!" मी दारातच सांगून टाकलं. आत गेले असते तर पुन्हा धीर झाला नसता.

ती जिन्याच्या पायरीवर खाली बसली. मग चिडली, आई. चांगलीच चिडली. तिचं इंग्रजी मी आपल्या भाषेत लिहितेय. "एप्रिलमध्ये? आणि तू मला ग्रँड म्हणालीस? रोज सकाळी मी जिवंत माणसांचं भलं चिंतते, त्यांत अम्माचं नाव घेत होते! मला कळलं असतं तर मी तिच्या नावाने भिक्षूंना जेवणाचं दान दिलं असतं. तू मला ते करू दिलं नाहीस."

मी म्हटलं, "मला लाज वाटली."

"कशाची?"

मी सगळं सांगितलं. डबे, गाणं, सगळं. तिने मध्ये एकदाही 'असू दे' म्हटलं नाही. त्याबद्दल मी तिची ऋणी आहे. मग मला स्वयंपाकघरात नेलं, चहा टाकला आणि म्हणाली, "माझी आई गेल्या वर्षी जूनमध्ये वारली. गावाकडे. मला जाता आलं नाही. तुला अम्माने सांगितलं नव्हतं?"

नव्हतं सांगितलं तुम्ही! कुणालाच नव्हतं सांगितलं! नीलांती म्हणाली, तो सगळा आठवडा तुम्ही तिच्यासाठी रोज पार्कात गेलात. फोनमधला मोठ्या बुद्धाचा फोटो बाकावर टेकवून ठेवायचात, दोघी गवतात समोरासमोर बसायचात, दोन मीटर लांब, आणि अख्खी वंदना म्हणायचात. ती रडायला लागली की तुम्ही एकट्या म्हणत राहायचात. तिचा हातही धरता येत नव्हता, म्हणून तुमच्या पदराचं एक टोक तिच्याकडे टाकायचात आणि दुसरं तुम्ही धरायचात.

आणि तो आठवडा मला चांगला आठवतो आई. तुम्हाला रोज उशीर व्हायचा. भात गार व्हायचा. एकदा मी तोडून म्हणालेही, "आई, इथे वेळेला किंमत असते." तुम्ही म्हणालात, "बोलता बोलता झाला उशीर." आणि गारच भात जेवलात.

पुढे ऐका. नीलांती म्हणाली, "अम्मा तुझ्याबद्दल सांगायची. देवळातली गोष्ट." वाटलं, आता येणार ते. तर ती उठून उभी राहिली आणि तुम्ही जशी माझी नक्कल केली असेल तशी करून दाखवली. चपला छातीशी कवटाळलेल्या, आणि पाय भाजतायत म्हणून या पायावरून त्या पायावर. "अम्मा म्हणायची, माय डॉटर, हॉट स्टोन, नो चप्पल, स्टँडिंग, स्टँडिंग, फॉर मी! मी प्रार्थना करत होते तेवढा वेळ ती भाजत्या दगडावर उभी राहिली." सांगता सांगता नीलांती हसलीही आणि रडलीही.

मी म्हटलं, "मी त्यांना मध्येच उठवलं होतं. अर्ध्यातून."

नीलांती पुन्हा खाली बसली. मग म्हणाली, "ते तिने सांगितलं नाही."

हेच विचारायचंय मला. का नाही सांगितलंत? माझी चूक झाकलीत, की तुम्हाला खरंच तेवढंच दिसलं होतं? झाकली असेल तर ते मला सोसत नाही. आणि तेवढंच दिसलं असेल तर ते त्याहून सोसत नाही! एकदा तरी रागवायचंत, आई. एकदा म्हणायचंत, की तू मला तिथून उठवलंस. म्हणजे मी तेव्हाच माफी मागितली असती आणि तुम्ही 'जाऊ दे वं' म्हणून मोकळ्या झाला असतात. आता मी माफी मागायला कुठे येऊ?

येत्या पौर्णिमेला नीलांती तुमच्या नावाने दान देणार आहे. इथे एका घरात छोटं विहार आहे, तिथे भिक्षू असतात. मला म्हणाली, पहाटेच ये, भाज्या चिरायला. मी म्हटलं, तू माझ्यासाठी एवढं का करतेस? तर फटकन म्हणाली, "तुला बरं वाटावं म्हणून नाही. अम्मासाठी." मला ते आवडलं. मी जाणार आहे. सुगतलाही नेणार आहे.

आणि एक सांगायचं राहिलं. वैशालीताई उन्हाळ्यात इकडे येतायत. तुमच्यानंतर नागपूरच्या घरात त्या अगदी एकट्या पडल्यात. काल मी नासहून आले तेव्हा सुगत लॅपटॉपवर तिकिटंच बघत होता. सवयीने म्हणाला, "परतीचं कधीचं टाकू? तीन महिन्यांनंतरचं?" मी म्हटलं, "मला नको विचारूस. ताईंना विचार. त्या ठरवतील." तो माझ्याकडे बघतच राहिला.

मी काही रातोरात बदलले नाही, आई. माझा जीव तुमच्याएवढा मोठा नाही, हे मला पक्कं कळलंय. दोन खोल्यांच्या घरात भांड्याला भांडं लागणारच. मी चिडेन. चिडले तर त्यांच्या तोंडावर चिडेन, आणि त्यांनाही सांगून ठेवेन, की माझ्यावर ओरडा, पोटात ठेवू नका. पण तुम्हाला शब्द देते, आपल्या दारातून आत आलेल्या माणसाला 'कधी जाणार?' असं मी पुन्हा विचारणार नाही. तोंडाने तर नाहीच. मनातसुद्धा नाही.

तुमची सून,
मुग्धा